चंपत लेकीला आणायला गेला

आमच्या वैशाली नगरात सगळ्यांना माहीत होतं, चंपत फिनलंडला फिरायला नाही, लेकीला परत आणायला चालला आहे. त्यानेच तसं सांगितलं होतं. सुजाताची जुनी खोली त्याने रंगवून घेतली, पंख्याचं रेग्युलेटर बदललं, आणि मगच ललितावहिनींना घेऊन तो विमानात बसला.

चंपत आणि मी इथल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला बरोबर होतो. कोक ओव्हन म्हणजे दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्या. तो भट्टीच्या माथ्यावर, मी खाली. दोघंही भंडाऱ्याकडचे. भेटलो की मी त्याला त्याचा 'जय भीम' म्हणतो आणि तो मला मुद्दाम माझा 'राम राम' म्हणतो. त्याच्याविषयी लिहायचं म्हणजे मला जरा धाकधूकच वाटते, पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच लिहा. हे तर सांगता सांगताच हसत सुटतात."

सुजाता पोलादाची इंजिनिअर. इथल्या चिमण्यांचा धूर पाहत वाढलेली मुलगी तिकडे समुद्राकाठच्या पोलादाच्या गावात नोकरीला लागली, तेव्हा चंपतने गल्लीभर पेढे वाटले होते. पण मागच्या हिवाळ्यात ती तापाने फणफणली आणि आईबापांना ते कळलं ती बरी झाल्यावर. तेव्हापासून तो रोज फोनवर विचारायचा, "शेजारचं कोणी घरी आलं होतं का?"

"नाही बाबा."

त्या दिवशी मग त्याला जेवण गोड लागत नसे. आमच्याकडे दिवसा दार लावलेलं दिसलं तर चार माणसं कडी वाजवून जातात. आजारी माणसाच्या घरी तर बसायला खुर्ची उरत नाही. आणि आपली पोर तिथे तापात पडली होती, तिला पाणी द्यायला कोणी आलं नाही, हे त्याच्या मनातून जाईना.

तिथे पोहोचल्यावर तर त्याची खात्रीच झाली. मला फोन करून म्हणाला, "गड्या, इथं जिन्यात आपण दिसलो का माणूस दार लावून घेते. आपण खाली उतरलो का मंग निघते. बसची वाट पाहतात तेही असे लांब लांब, जसं काही भांडण झालं."

"आणि थंडी?"

"थंडीचं सोड. बाया लेकरं बाबागाडीत घालून बाहेर बर्फात झोपवतात. ललितानं पाहिलं तं ती गाडी उचलूनच आणत होती घरात. सुजातानं धरलं तिले." मग म्हणाला, "घरात मात्र इतकी ऊब का लोक बनियनवर बसतात. आपण मे महिन्यात भट्टीवर आच लागू नये म्हणून लोकरीचा कोट घालत होतो, हे बर्फात बनियन घालून राहिले. सारंच उलटं."

सुजाता परत यायला तयार नव्हती. "बाबा, मले इथं करमते."

"कोणासंग करमते? भिंतीसंग?"

"तुम्हाला नाही कळणार."

"तिकीट काढून राहिलो मी तिघांचं," असं म्हणून तो विषय संपवायचा. ती रुसायची, वहिनी दोघांच्या मध्ये बसायच्या.

अशात एक दिवस सुजाता कामावर गेली होती. वहिनींच्या तोंडाला चव नव्हती. इथून नेलेल्या सुक्या लाल मिरच्या त्यांनी चटणीसाठी तव्यावर टाकल्या. खिडक्या घट्ट बंद. मिरचीच्या धुराची खाट नाकात चढली, मिरच्या काळ्या झाल्या आणि छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र कर्कश वाजू लागलं.

कोक ओव्हनच्या माणसाने भोंगा वाजल्यावर विचार करायचा नसतो. गॅस दिसत नाही. हातातलं टाकायचं, आजूबाजूच्यांना उठवायचं आणि वाऱ्याला आडवं, म्हणजे गॅस वाहत जाईल त्या वाटेतून बाजूला, निघायचं. हे आमच्या अंगात इतकं मुरलं आहे की इथल्या सुपेल्याच्या चौकात एखाद्या ट्रकचा हॉर्न अडकला तर अजूनही मी आधी वारा कुठला ते बघतो. त्यात चंपतला खोकला सुटला. त्याने वहिनींचा हात धरला आणि "ग्यास! ग्यास!" ओरडत जिना उतरताना वाटेतलं प्रत्येक दार दोन्ही मुठींनी बडवलं. शेगडी बंद करायचं सुचलं ते वहिनींना, तेही दारातून मागे पळत जाऊन.

खाली आल्यावर त्याने वारा बघायला दूरच्या कारखान्याच्या चिमणीचा धूर पाहिला. धूर सरळ वर चालला होता. वाराच नव्हता. आडवं तरी कुठे व्हावं? तो चपलेवर बर्फात तसाच उभा राहिला आणि मग त्याने मागे वळून पाहिलं.

सगळी इमारत खाली आली होती.

"एकही दार दुसऱ्यांदा ठोकावं नाही लागलं," चंपत सांगतो. "आणि एकानंही नाही विचारलं, कावून."

समोरच्या दारातल्या म्हातारीने आपला कोट काढून वहिनींच्या अंगावर घातला आणि स्वतः हात काखेत धरून उभी राहिली. तिचं नाव आइनो. वहिनी तिला आइनोबाई म्हणतात. एका उंच तरुणाने आपली लोकरी टोपी चंपतच्या टकलावर चढवली. आइनोबाईने खिशातून फोन काढून लगेच नंबर लावला. चंपतला त्यातला एकच शब्द कळला, सुजाताचं नाव.

तो उंच तरुण वर जाऊन खिडक्या उघडून खाली आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हातात काळ्या मिरच्यांचा तवा होता. त्याने तो सगळ्यांना दाखवला. मग मात्र बर्फात उभी असलेली ती मुकी माणसं खदाखदा हसली.

सुजाता धावतपळत आली आणि इथल्या हिंदीतच ओरडली. "बाबा, ये क्या कर दिया आपने? मिरची होती ती!"

चंपतचं मिरचीकडे लक्ष नव्हतं. "या बाईपाशी तुवा नंबर कसा?"

"मागच्या हिवाळ्यात तिनेच मागून घेतला. मला ताप होता ना, रोज दाराच्या मुठीला सूपचा डबा अडकवून जायची. वाजवायची नाही, मी झोपले असेन म्हणून. मेसेज करायची फक्त."

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारायचे, कोणी घरी आलं होतं का? ती घरात कधी आलीच नाही."

चंपत आइनोबाईसमोर गेला. त्याने हात जोडले आणि 'जय भीम' म्हटलं. तिनेही मान लववली आणि लगेच आत जाऊन दार लावून घेतलं.

ठरल्या दिवशी दोघंच परत आले. मी फाटकापाशी उभा होतो. मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं, "नाही आणली. राहू दे तिले तिथंच." आणि बॅग खाली ठेवून हसायला लागला.

रंगवलेल्या खोलीत आता वहिनींचे पापड वाळतात. काल जेवायच्या वेळी मी बसलो होतो तेव्हा सुजाताचा फोन आला. चंपतने विचारलं, "काय वं, सगळ्यांचे दारं बंद आहेत ना?"

"हो बाबा, बंद आहेत."

"मंग बरं," तो म्हणाला आणि वहिनींना म्हणाला, "वाढ."