शिऱ्यावरचा हिरवा ठिपका

चहा आधी खाली ठेवा. मी जी माती खाल्लीय ना, ती ऐकून तो नाकातून बाहेर येईल!

मी मँचेस्टरला एका डिझाइन कंपनीत आहे. टीम सहा जणांची. पाच पुरुष, पाचही गोरे, पाचांची दाढी एकसारखी, चष्म्याची फ्रेमसुद्धा एकसारखी. कोण कोणता हे मी जॅकेटवरून ओळखते. यांच्यातली विविधता कशात म्हणाल? एकजण कॉफीत ओटचं दूध घेतो, दुसरा बदामाचं! सहावी मी. वेबसाइटवरच्या फोटोत मला मधोमध उभं केलंय, पूजेतल्या नारळासारखं.

तर लेस्टरच्या एका हॉस्पिटलचं काम आलं. पेशंटांसाठी जेवणाचं मेन्यूकार्ड. पेशंट पुष्कळसे गुजराती. आमच्या या दाढ्यांनी काय केलं असेल? प्रत्येक शाकाहारी पदार्थापुढे एका गाजराचं चित्र!

"ग्रॅहम, हे गाजर कशाला?" मी मॅनेजरला विचारलं.

"व्हेजिटेरियनसाठी."

"अरे, माणसं आहेत ती! ससे नाहीत!"

मग मी सुटलेच. "डिझाइन करणारे सगळे एका साच्यातले असले की असंच होतं. वापरणारा कोण, खातो काय, याचा तुम्हाला पत्ताच नसतो! शाकाहारीला हिरवा ठिपका, मांसाहारीला लाल. भारतात शेंबडं पोरही ओळखतं. काढा ते गाजर!"

या देशात 'डायव्हर्सिटी' हा शब्द जरा आवाज चढवून उच्चारा, मोठमोठे बाप्ये कसे मान खाली घालतात बघा! मला तर गुदगुल्या होत होत्या.

ग्रॅहम हळूच म्हणाला, "आधी लोकांना दाखवून बघायचं का?"

"कशाला? मी आहे ना!"

झालं. कार्डं छापली. हॉस्पिटलने लेस्टरमधल्या बेलग्रेव्ह रोडजवळच्या एका हॉलमध्ये चाचणीचं जेवण ठेवलं. जवळपासच्या म्हाताऱ्या मंडळींनी कार्ड बघून ऑर्डर द्यायची आणि जेवायचं. माझ्या शेजारी रमणिककाका. चांगलाच डायबिटीस असलेले. त्यांनी वाटीभर शिरा हाणला आणि दुसरी वाटी मागवली. वर तूप!

तेवढ्यात त्यांच्या बायकोचं, हंसाबेनचं लक्ष गेलं.

"अरे! आ शुं खाओ छो?"

"ग्रीन छे!" काका शांतपणे म्हणाले आणि चमचा तोंडात.

मी घाईघाईने म्हटलं, "काका, हिरवा म्हणजे शाकाहारी हो!"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू डोक्याचं औषध मलाच हवंय. "बेटा, शिरा शाकाहारीच असतो. त्याला ठिपका कशाला?"

काकांनी वाटी आणखी जवळ ओढली.

"इथल्या सुपरमार्केटात पाकिटावर हिरवं म्हणजे साखर कमी, लाल म्हणजे जास्त. डॉक्टरने तेच तर शिकवलंय मला."

"पण भारतात..."

"मी भारतात राहिलोय कधी? कंपालात जन्मलो, लेस्टरला म्हातारा झालो!"

मी मान वर केली. सगळं टेबल शिरा खात होतं! एक आजी तर माझा हात धरून म्हणाल्या, "पहिल्यांदाच कोणीतरी आमचा विचार केला गं!" त्यांनाही डायबिटीस. मी वाट्या हिसकावत सुटले. हॉस्पिटलची नर्स शुगर मोजायचं मशीन घेऊन धावली. नशीब, कोणाला काही झालं नाही. काका तर निघताना विचारत होते, पुढची चाचणी कधी?

परतीच्या ट्रेनमध्ये मी आणि ग्रॅहम समोरासमोर. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मीच आवाज चढवला. "ठीक आहे, ठिपके काढू. पण टीममध्ये वेगवेगळी माणसं हवीत, हे माझं म्हणणं खरंच ठरलं की नाही?"

"अगदी खरं ठरलं." त्याने कार्ड हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. खिडकीच्या उजेडात धरलं. "एक विचारू? यातला लाल ठिपका कुठला?"

"म्हणजे?"

"मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. दोन्ही मातकट दिसतात."

मी कपाळावर हात मारला. "अरे बाबा! मग त्या दिवशी मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?"

ग्रॅहम ओशाळून म्हणाला, "तू डायव्हर्सिटीवर बोलत होतीस. मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं."