लाल अर्क आणि आत्याचं दूध

हे आत्ताच्या आत्ता सांगतो, हातातलं सगळं बाजूला ठेवून. उद्यावर टाकलं तर मी ते शहाण्यासारखं लिहीन अन् सगळी मजा जाईल.

दोन वर्षांखाली मी परभणीला शेतकी कॉलेजात नवाच होतो. सुट्टीत चुडाव्याला आत्याकडं आलो. मामा, म्हणजे आत्याचा नवरा, गेल्यापासून ती दुधावर घर चालवायची. चार म्हशी. सकाळच्या गाडीनं दुधाचा डबा पूर्णेला, ठेसनाबाहेरच्या एका चहावाल्याकडं. तिला तेवढं एकच गिऱ्हाईक. अन् लागोपाठ दोन दिवस दूध त्याच्या चुलीवर फाटलं होतं.

"बाई, अजून एक बार फाटलं तर डबा आणू नका," तो म्हणला होता.

आत्या म्हणली दृष्ट लागली. डबा तिनं तीनदा राखेनं घासला होता.

माझ्या पेटीत मास्तरांकडून मागून आणलेली लाल बाटली होती, स्पिरिटात विरघळवलेला रंग. दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटायला लागली तरी डोळ्याला दिसत न्हाई, वास बी येत न्हाई. चुलीवर चढवल्यावरच कळतं. पण ह्या अर्कात अर्काएवढंच दूध घालून हलवलं की थंड दुधातच कणी उठती, अन् रंगामुळं ती लगेच नजरेत भरती.

आत्यानं बूच हुंगलं. "दारू हाय ही. दुधात दारू घालायलास, मुडद्या?"

"चमचाभर दुधात, आत्या. नंतर अंगणात फेकतो."

"अंगणात न्हाई, उकिरड्यावर. अन् आंघोळ करूनच घरात ये."

धार काढल्या काढल्या चारी म्हशींचं दूध काचेच्या नळीत येगयेगळं तपासलं. तिघींचं लय झकास, लालसर जांभळं, गुळगुळीत. चौथीचं हलवलं अन् काचेला बारीक तांबूस कणी चिकटली. नळी धुऊन परत केलं. परत कणी.

चौथी व्याली त्याला पाचच दिवस झाले होते, दुधात अजून चिकाचा अंश होता. तिचा चीक खरवसाला गल्लीत वाटला, तिसऱ्या दिवशी आत्या पोखर्णीला जाऊन नरसिंहाला दूध वाहून आली. देवाला वाहिलं म्हणजे दूध चोख झालं, म्हणून त्याच दिवसापासून ते डब्यात.

"देवाला चाललं, तुझ्या बाटलीला चालंना?"

"देव तापवत न्हाई, आत्या. चहावाला तापवतो."

ती नळीकडं बघत राहिली. मग चौथीची चरवी उचलून बाजूला ठेवली अन् रेडकाला सोडलं.

पूर्णेला चहावाला म्हणला, "आज डबा हलका हाय."

"आधी तापवा," आत्या म्हणली. बाकड्यावर बसली न्हाई.

दूध काठापतोर आलं. एक बी गाठ न्हाई. त्यानं फुंकर मारली, चहापत्ती टाकली अन् म्हणला, "उद्या येताना भरून आणा."

व्याल्यापासून नवव्या दिवशी चौथीची नळी साफ निघाली, अन् उन्हात धरून ते आधी आत्यालाच दिसलं. आता गल्लीत कुणाची बी म्हैस व्याली की बायका चरवी घेऊन लाल बाटलीसाठी आत्याच्या दारात.

तुमच्याकडं झालंय का असं? दूध फाटलं अन् तुमी डबाच घासत बसलात?