चांदणीवरची टिकली

खंडेराव गेटपाशी आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई टहरौली गावच्या शाळेत गणित शिकवतात. कुणीही काही ठामपणे सांगितलं की त्या विचारतात, "कसं कळलं?" सदर बाजारातल्या खरबूजवाल्यालाही सोडत नाहीत. "मीठा है? कैसे पता, भैया?"

मी शाळांसाठी टॅबलेटवर अपूर्णांकांचा खेळ तयार केला होता आणि तो मुलांना कसा वाटला याचा अहवाल द्यायचा होता. शेताच्या सांगितलेल्या भागाला बरोबर पाणी दिलं की चांदणी मिळायची. बाईंच्या वर्गानं चांदण्यांचा ढीग लावला, तेव्हा मी म्हणालो, "अहवालात लिहितो, मुलांना गणित आवडलं."

"गणित की चांदण्या? कसं कळलं?"

त्यांनी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक टॅबलेटवर चांदणी उमटायची तिथे, ती झाकेल अशी टिकली चिकटवली. मला रागच आला. बरीच मुलं उठून गेली. एका मुलीनं मात्र टिकली काढून स्वतःच्या कपाळाला लावली आणि उघड्या पडलेल्या चांदणीकडे न बघता पुढचं गणित घेतलं. सुट्टी झाली तरी हलेना. "मॅडमजी, एक और!"

"आता लिहा," बाई म्हणाल्या.

'एका मुलीला गणित आवडलं.' अहवालातली तेवढी ओळ मी अजून सगळ्यांना दाखवतो. कुणीतरी "कसं कळलं?" विचारावं, याची वाटच बघत असतो.