येमोजाच्या चित्रातला पुसलेला मासा

सिंगापूरचं तिकीट मी फिरायला काढलं नव्हतं. माझी धाकटी बहीण मृणाल तिथे संशोधन करते. तिची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. दोन महिने झाले तरी मृणाल फोनवर नुसतं 'हं' म्हणायची. तिला पुण्याला घेऊन यायचं, एवढंच ठरवून निघाले.

चांगी विमानतळाहून मृणालच्या क्वीन्सटाउनला एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जाणं सोपं आहे. ताना मेराला गाडी बदलायची, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. फ्लॅटमध्ये भरदिवसा पडदे ओढलेले. तिचा नवरा नितीन जेवायची वेळ टाळूनच घरी यायचा. दोन दिवस आम्ही खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, पाचेक डॉलरचा चिकन राइस घेऊन बसलो. तिने काकडीच्या चकत्या तेवढ्या खाल्ल्या.

शनिवारी आपणहून म्हणाली, "ताई, फोलाकेकडे येतेस?"

फोलाके तिच्या लॅबमधली, नायजेरियाची, तिथल्या योरुबा समाजातली. जुरॉंग ईस्टला लाल लाइन पकडली की पुढचंच स्टेशन बुकित बातोक. तिच्या हॉलमध्ये भिंतभर कॅनव्हास होता. त्यांची समुद्रदेवी, येमोजा. देवीला चेहरा काढलेलाच नव्हता. निळ्याच्या सात छटांचा घेर म्हणजे सात समुद्र, काठाला खऱ्याखुऱ्या कवड्या, खाली माशांचा थवा.

"येमोजा म्हणजे जिची लेकरं मासे आहेत अशी आई," फोलाकेने मला सांगितलं. मग मृणालपुढे ब्रश धरला. "तुझ्या मुलीसाठी एक काढ."

मृणालने बोटाएवढा पांढरा मासा काढला. सुरेख काढला. मला वाटलं, आता ही रडेल, मोकळी होईल. ती बघत राहिली आणि एकदम निळ्या रंगात बोटं बुडवून तिने तो पुसून टाकला.

"तिची नाहीये ती. माझी आहे."

 फोलाकेने ओल्या फडक्याने मृणालचं एकेक बोट पुसलं.

परतताना गाडीत मी विषय काढला. "घरी चल ना गं. थोडे दिवस."

"तिला इथे एकटीला टाकून?" मृणाल म्हणाली.

 सोमवारी एकटीच विमानात बसले.

तिथे काय बघावं, असं तुम्हा वाचकांपैकी काहींनी विचारलंय. मला सांगता येणार नाही. बहिणीला हाताला धरून आणता येतं, एवढा एक भरवसा घेऊन गेले होते, तो तिथेच राहिला.

पुण्यात आईने दोन गाद्या घालून ठेवल्या होत्या. माझ्यामागे कोणी नाही हे तिने पाहिलं. वाकून दुसऱ्या गादीवरची चादर काढली आणि घडी घालत बसली.