पानोपानी परक्यांची नावं

साहेबाला बंगला मिळाला, बरोबरीच्या कारकुनाला बढती मिळाली, माझ्या पोटात कधी दुखलं नाही. पण कादंबऱ्यांतल्या हिरोंवर मी असा जळलोय की विचारू नका. एवढं वय झालं, तरी एखाद्या जुन्या पुस्तकाच्या कव्हरावर कपाळावर केसांची बट सोडलेला तो देखणा बाप्या दिसला की माझं टाळकं सटकतं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. लग्न नवं होतं. आमचं घर ख्रिस्ती. बायको शिरूरची, मिशनच्या कंपाउंडात वाढलेली. तिचे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. लहानपणापासून रविवारच्या उपासनेत उभी राहून ती शास्त्रपाठ वाचायची, त्यामुळं वाचन कसं खणखणीत. शब्द न् शब्द मागच्या बाकापर्यंत पोचणार.

हा गुण आमच्या क्वार्टरांच्या रांगेतल्या बायकांनी बरोबर हेरला. दुपारची भांडी झाली की सगळ्या आमच्या ओट्यावर. कुणी तांदूळ निवडतेय, कुणी गोधडीला टाके घालतेय, आणि मधोमध माझी बायको, हातात बाजारातल्या लायब्ररीची कादंबरी. एकदा प्रेमाची आणायची, एकदा खुनाची, असं त्यांचं आपसात ठरलेलं. इंजिनानं शिट्टी फुंकली की वाचन थांबायचं, शिट्टी विरली की पुढं चालू. मी सकाळची ड्यूटी करून, जेवून आत खाटेवर पडलेला असायचो. झोपलोय असं बायकांना वाटायचं. झोप कसली येतेय! भिंतीपलीकडं माझी स्वतःची बायको परक्या पुरुषाच्या रुंद छातीचं वर्णन मोठ्यानं वाचतेय, आणि इथं मी बनियन घालून पंख्याशिवाय घामाघूम.

तर ऐकून ऐकून, आणि कधी चोरून चाळून, मला या पुस्तकांची चांगलीच ओळख झाली. प्रेमाच्या कादंबरीतला हिरो उंच असतो. बुटका हिरो मी एकातही पाहिला नाही. त्याची मोटार असते आणि ती बंद पडते, पण कुठं बंद पडावी याची तिला अक्कल असते. बरोबर हिरॉईनच्या बंगल्यासमोर पडते. याला कधी सर्दी होत नाही. दळण आणायला जावं लागत नाही. नोकरी असते म्हणतात, पण कामावर गेलेला कुणी पाहिलेला नाही. हिरॉईन रडली की याच्या खिशात पांढरा स्वच्छ रुमाल हजर. माझ्या खिशातला रुमाल पार्सल ऑफिसात दुपारपर्यंत कोळशाच्या धुरानं काळा व्हायचा. तो मी कुणाचे डोळे पुसायला दिला असता तर त्या बाईला डोळ्याच्या डॉक्टरकडंच न्यावं लागलं असतं.

खुनाच्या कादंबरीतला गुप्तहेर तर त्याहून शहाणा. सिगारेटची राख बघितली की खुनी कोण, कुठल्या गावचा, डावखुरा का उजवा, सगळं सांगून मोकळा. अरे हट्! आमच्याकडं आंब्याची पेटी फुटली तर कुणी फोडली हे शोधायला साहेब, मी, पोर्टर, सगळे महिनाभर एकमेकांकडं संशयानं बघत राहायचो आणि शेवटी काहीच निष्पन्न व्हायचं नाही. आणि तो खुनीही कसला सालस! पिस्तूल रोखलं की बसून सगळी हकिकत पहिल्यापासून सांगणार, एक शब्द राहू देणार नाही. एवढं असूनही बायका श्वास रोखून ऐकायच्या. शेजारची, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनची बायको तर म्हणायची, "बाप्या असावा तर असा! न्हाईतर आमचं येडं. घरात चार पावलांवर चष्मा ठिवला तर घावंना त्याला."

माझी बायको यावर हसायची. ते हसणं मला झोंबायचं.

पण खरी आग वेगळीच होती. ती नावांची.

आमच्या आजोबांनी धर्म बदलला, कपडे बदलले, सणवार बदलले. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत मात्र कुणी बदलली नाही. माझ्या सासूबाईंनी मुलीला बजावलं होतं, नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं. त्यामुळं मी 'अहो'. मी 'हे'. परक्यापुढं मी 'आमच्या घरातले'. एकदा दारात पोस्टमन आला आणि विचारता झाला, हे नाव इथंच का? तर हिनं मान हलवली आणि आत येऊन मला उठवलं. नाव घेण्याचे उखाणे होतात, पण ते बायकाबायकांत, पुरुषांना बाहेर घालवून. देवळात, म्हणजे आमच्या चर्चात, लग्नाचं वचन म्हणताना तरी नवरीला नाव घ्यावंच लागतं. तिनं घेतलं म्हणतात. मी खांद्याला खांदा लावून उभा होतो, मला ऐकू आलं नाही. नेमकं तेव्हाच मागं कुणाचं तरी पोर ठणाणा बोंबलायला लागलं. त्या पोराला मी अजून माफ केलेलं नाही.

आणि हीच बाई रोज दुपारी त्या टग्यांची नावं घ्यायची! गोड, लांबवून, जिथं लेखकानं उद्गारचिन्ह दिलं असेल तिथं आवाज चढवून. पानोपानी परक्यांची नावं. माझ्या बायकोच्या तोंडून जगातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं मी ऐकली, माझं सोडून. आत खाटेवर माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आपल्या नावाचा हिरो शोधायचा. पुस्तकात आलं की वाचावंच लागेल. वाचलं की झालं, मला ऐकू येईल. एवढंच हवं होतं मला. एकदा ऐकायचं होतं, तिच्या आवाजात.

सोपं वाटलं होतं, पण माझं नाव पडलं आजोबांच्या काळातलं. कादंबरीवाल्यांना ते हिरोला द्यायला नको असायचं. मी ड्यूटीवरून येताना लायब्ररीत उभा राहून पुस्तकामागून पुस्तक चाळायचो. माझं नाव सापडायचं, नाही असं नाही, पण कुठं? बंगल्यावरच्या माळ्याला. सुताराला. एका खुनाच्या कादंबरीत हवालदाराला होतं आणि तो दुसऱ्याच प्रकरणात चहा पिऊन मेला. असल्या मढ्याचं नाव तिच्या तोंडून ऐकून काय करू? लायब्ररीवाले आप्पा माझ्याकडं संशयानं बघायला लागले. शेवटी न राहवून म्हणाले, "काय शोधताय एवढं पानापानात? चित्रं न्हाईत त्यात." मी म्हणालो, "ठसे." त्या दिवसापासून मी चाळलेलं पुस्तक ते माझ्यादेखत परत चाळून बघायचे.

घबाड घावलं ते शिरूरला. नाताळात सासुरवाडीला गेलो होतो. एसटी स्टँडाजवळ एक फळकुटांची लायब्ररी होती, तिथं सहज एक प्रेमाची कादंबरी उघडली आणि पहिल्याच पानावर मी! माझं नाव, धडधडीत. आणि माळी नाही, सुतार नाही. उंच, चहाच्या मळ्याचा मॅनेजर, घोड्यावर बसून येतोय. मला तर तिथंच गुदगुल्या झाल्या. पुढचं वाचायला मी थांबलो नाही. सासऱ्यांच्या ओळखीवर पुस्तक घेतलं आणि दौंडला परतताना सगळा वेळ मांडीवर धरून बसलो. वाटेत एसटीत मांडवगणच्या बाया टोपल्या घेऊन चढल्या, माझ्या पायावर कोंबड्या ठेवल्या, तरी मी पुस्तकाला धक्का लागू दिला नाही. घरी आल्यावर बायकोच्या हातात दिलं आणि शक्य तितक्या बेफिकिरीनं म्हणालो, "वाच तुमच्या त्या बायकांत. बरं आहे म्हणतात."

तिनं पहिलं पान उघडलं. बघितलं. मिटलं. दुसऱ्या दिवशी रात्री कंदील पुढ्यात घेऊन एकटीच वाचत बसली होती, एवढं मला आठवतं.

दोन दिवसांनी दुपारी बायका जमल्या. मी खाटेवर आडवा, डोळे मिटलेले, कान ताणलेले. तिनं सुरुवात केली. मळा आला, डोंगर आला, घोडा आला. आता येणार. "आणि घोड्यावरून," ती वाचत होती, "घोड्यावरून... मॅनेजरसाहेब उतरले."

मॅनेजरसाहेब? पुस्तकात असं नव्हतं. मी स्वतः वाचलं होतं!

पुढं सगळं तसंच. मॅनेजरसाहेब हसले. मॅनेजरसाहेबांनी हॅट काढली. बाकी हिरॉईनच्या बापाचं नाव ती घेतेय, व्हिलनचं घेतेय, कुत्र्याचं नावसुद्धा घेतेय. कुत्र्याचं! फायरमनच्या बायकोनं विचारलंच, "आवं बाई, पन ह्या सायबाला आईबापानं नाव ठिवलंय का न्हाई?"

"असंल काहीतरी," माझी बायको म्हणाली. "लांबलचक हाय."

माझं नाव तीन अक्षरी आहे.

मग हिरॉईन डोंगराच्या कड्यावर उभी राहून त्याला हाक मारते, असं काहीसं आलं. तिथं मॅनेजरसाहेब अशी हाक कोण मारणार? मी श्वास धरला. बाहेर शांतता. इंजिनाची शिट्टीही नाही. आणि मग पुस्तक फाटकन मिटल्याचा आवाज. "हे पुस्तक चांगलं न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई वाचणार पुढं."

बायकांनी एकच गलका केला. पण मला तेवढा धीर कुठला! मी उठलो आणि तसाच बनियनवर बाहेर आलो. मला बघून सगळ्यांनी पदर सावरले, तांदळाची सुपं उचलली आणि ओटा मोकळा झाला. फायरमनची बायको जाता जाता मागं वळून बघत होती.

"आत ये," मी म्हणालो. आत आल्यावर मी पुस्तक तिच्या हातातून हिसकलं. "दुनियेतल्या सगळ्या टग्यांची नावं घेतेस. कुत्र्याचं घेतेस. माझं घ्यायला काय जीभ झडते तुझी?"

मला वाटलं रडेल. कसली रडतेय! माझ्यापेक्षा तिचंच डोकं जास्त तापलं होतं.

"तुम्ही हे कशाला आणलं ते मला कळलं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "पहिल्या पानावर कळलं. अन् मी घेणार बी होते. आई काही म्हणू दे. आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसून दोनदा म्हणून बघितलं. तुम्ही ड्यूटीवर होता."

म्हणाली होती. या घरात, या भिंतींत म्हणाली होती, आणि मी तेव्हा स्टेशनात केळ्यांच्या करंड्या मोजत होतो.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"पुढचं वाचलंय का तुम्ही? वाचा की. ती बया पानोपानी नाव घेते तुमचं. अरेतुरे करती. केसांत बोटं घालती अन् नाव घेती, गळ्यात पडती अन् नाव घेती, मधी दुसरं लग्न करती तरी नाव घेती! मला जे जन्मात चारचौघांत घेता आलं न्हाई, त्याचा तिनं चघळून चघळून चोथा केलाय. अन् मी ते फायरमनच्या बायकोपुढं तिच्यासारखं लाडात म्हणू?" तिनं पुस्तकाकडं असं बघितलं, जणू त्यात कुणी बसलेलं आहे. "तिचं उष्टं नाव मी तोंडात घालू?"

"बरं, तिचं राहू दे," मी म्हणालो. "तुझं म्हण. चुलीपुढं म्हणालीस तसं. एकदाच."

"आता न्हाई," ती म्हणाली. "आता ते म्हणलं की तीच दिसंल." आणि ती कळशी घेऊन नळावर गेली.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी ते पुस्तक शिरूरला परत करून आलो. परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली होती. मी डोळे मिटले आणि माझं नाव तिच्या आवाजात, चुलीपुढं बसून ती कशी म्हणाली असेल तसं, मनात ऐकायचा प्रयत्न केला. दौंड येईपर्यंत करत होतो. तिचा आवाज यायचा, माझं नाव यायचं, पण दोन्ही एकत्र काही येईनात.