बारा जणींचे चौदा दिवस

माझी लेक बारामतीला कॉम्प्युटर शिकते. तिनं शेतातल्या मोटारीच्या लाइटीसाठी एक ॲप केलं. लाइट आलेली जिला आधी दिसेल तिनं बटण दाबायचं, की सगळ्यांच्या फोनातून आवाज येतो, "लाइट आली गं." तो आवाज माझा आहे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून गोठ्यात आतून कडी लावून बोलले होते. वाचायचं काही नव्हतं, त्यामुळं बायकांना ते जमलं. एकीनं दुसरीला पाठवलं, असं करत ते कळसपासून वरकुट्यापर्यंत गावोगाव गेलं.

मग फोनांवर लाल पाटी यायला लागली, हे ॲप धोक्याचं असू शकतं म्हणून. धाकटी जाऊ वैरण टाकता टाकता म्हणाली, "जाऊबाई, तुमी बोलला की माझा फोन भितोय." बाकीच्या हसल्या. मीही हसले. लागलं मात्र.

फोनात ॲपचं जे दुकान असतं, त्यातून दिलं की पाटी जाते, असं लेक म्हणाली. दुकानानं तिचं ओळखपत्र घेतलं. वर अट घातली, बारा जणींनी चाचणी म्हणून सलग चौदा दिवस ॲप फोनात ठेवायचं. एका माणसाला एक फोन, असं त्यांनी धरलं असावं. आमच्याकडं फोन घराचा असतो. तरी मी दारोदार गेले. कधी न बोललेल्या बायकांशी बोलले. बारा भरल्या.

अकराव्या दिवशी एक कमी झाली. फोनात जागा नव्हती, म्हणून दिरानं धाकट्या जावेचं नाव चाचणीतून काढलं, ॲप पुसलं आणि पत्त्यांचा खेळ घेतला.

"भाऊजी, तीनच दिवस राह्यलं होतं."

"वैनी, ह्यो खेळ दुकानानं पास केलाय. तुमच्यावर लाल पाटी हाय."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. डाव संपला तशी जाहिरात लागली. अर्ध्या कपड्यातली बाई डोळा मारत होती. शेजारी बसून माझी लहान पुतणी बघत होती. किळस आली. त्या बाईला पाटी नाही, आणि "लाइट आली गं" म्हणणाऱ्या मला आहे.

लेकीला फोन केला.

"आई, आता पहिल्यापासनं चौदा दिवस. बारावी बघ कुणीतरी."

"मी न्हाय जायची. नको त्यांचं दुकान."

"आगं, पुढं दुकान सोडून हातोहात ॲप द्यायलाबी ओळखपत्र लागणार हाय म्हणं."

ज्या दुकानात ती बाई पास होऊन बसली, तिथं माझ्या पोरीनं आणखी किती कागद दाखवायचे? दुसऱ्या दिवशी पाटीला भिऊन थांबलेल्या आठ जणींच्या फोनात मीच लाल पाटीवर बोट ठेवून, दुकानाविनाच ॲप घालून दिलं. जावेकडं गेले नाही.