इक्वलायझरच्या उजव्या पट्ट्या

ज्या माणसाला मी चारचौघांत चोर म्हणालो, त्यानंच मला गाणं नीट ऐकायला शिकवलं होतं.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. दौंडला स्टेशनाजवळ त्याचं अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटसच्या घरात मी स्टिरिओ घेतला, तेव्हा तो बसवायला तोच आला. आधी खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं टाळ्या वाजवल्या. मग स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं ओढले आणि जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायचा दहा पट्ट्यांचा इक्वलायझर जोडून एकेक पट्टी खाली घेऊ लागला.

"अरे, वर कर की. खाली काय घेतोस?"

"वाढवून आवाज सुधरत न्हाई. तुझी खोली घुमती. जे जादा हाय तेवढं कापायचं, बाकीचं आपोआप मोकळं होतं."

झालंही तसंच. जाड आवाजाची एक पट्टी जराशी उतरली आणि घुमारा गेला. गाणारीनं ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. बायको कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. ड्यूटी कंप्रेसर रूमला. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. कानात घालायचे बोळे मिळत, ते आमच्या खिशात राहत. वर्षाला तपासणी व्हायची. कंपाउंडर विचारायचा, "ऐकू येतंय ना?" मी म्हणायचो, "येतंय." तो फॉर्मवर टिक करायचा.

काही वर्षांनी मला स्टिरिओ मंद वाटू लागला. झांजा हरवल्या, बासरीची धार गेली. मी इक्वलायझरच्या उजव्या, बारीक आवाजाच्या पट्ट्या वर सरकवत गेलो. बायको म्हणायची, "सुई टोचल्यावानी होतंय कानात. जरा कमी करा." मी म्हणायचो, तुला गाण्यातलं काय कळतं? ती आत जायची आणि दार ओढून घ्यायची.

मित्राला बोलावलं. त्यानं ऐकलं, पट्ट्या पुन्हा पहिल्या जागी आणल्या. "आवाज बरोबर हाय की रे." मग माझ्याकडं बघत राहिला. पुढं काहीतरी बोलणार होता, पण मी बोलू दिलं नाही. मध्यंतरी एकदा त्यानंच माझे स्पीकर उघडून दुरुस्त केले होते. माझ्या डोक्यात तेच बसलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "बारीक आवाजाचे माझे ओरिजिनल ट्विटर काढून डुप्लिकेट घातलेस. मैत्रीत चोरी केलीस."

तो सोल्डरिंगची गन हातात धरून तसाच बसला. मी ते कबुलीच समजलो आणि कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो. त्याचं निम्मं गिऱ्हाईक आमच्या कंपनीचं होतं.

रिटायर झाल्यावर, गेल्या दिवाळीला, मुलगी माहेरी आली. म्हणाली, "आप्पा, मोबाइल स्टिरिओला जोडून एकेक सूर सोडते, कुठला कमी येतो ते बघू. मग तशा पट्ट्या लावू." जाड सूर आले, मधले आले. मग ती मोबाइल धरून माझ्या तोंडाकडं बघू लागली.

"लाव की पुढचा," मी म्हणालो.

"चालूच आहे, आप्पा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "बंद करा ते! डोकं उठलं!" दोन्ही कानांवर हात दाबून ती बाहेर आली. मला पंख्याचा आवाज येत होता. बाकी काही नाही.

पुण्याला कानाच्या डॉक्टरांनी कागदावर माझ्या ऐकण्याची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, मग उतारावरून घसरल्यासारखी. "मशिनवर किती वर्षं होता?" एवढंच विचारलं. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. कंपनीत चौकशी केली, तर माझ्या सगळ्या फॉर्मवर टिक होती. सहीही माझीच.

दौंडला गेलो. दुकानात स्पीकर एकही नव्हता, मोबाइलच्या काचा टांगल्या होत्या. मी सगळं सांगितलं, हात जोडले. त्यानं चष्मा काढून पुसला.

"मला तवाच शंका आली हुती, तुमच्या कानाची," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सांगायला येणार हुतो. त्याआधी तुम्हीच आला."

शाळेत एका बाकावर बसलो आम्ही. आयुष्यात पहिल्यांदा तो मला 'तुम्ही' म्हणाला.

"एकदा घरी येऊन पट्ट्या लावून दे."

"ती कामं मी सोडली. मोबाइलचं काही आसलं तर सांगा."

घरी येऊन बायकोला इक्वलायझरपुढं बसवलं. म्हणालो, तुला बरं वाटेल तसं लाव. तिनं उजव्या पट्ट्या खाली, पार पहिल्या जागेपर्यंत आणल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मी शेजारी बसलो. गाणं गोधडीखालून आल्यासारखं येत होतं.

"झांजा येतात का गं?" मी विचारलं.

"येतात की," ती म्हणाली. "मला कायमच येत हुत्या."